पाहुणी धरत नाही

तुळा खोटं बोलत नाही, असं वृंदा जानकर स्वतःच लोकांना सांगत आली होती. त्यामुळे तिच्या नणंदेने गावोगावच्या मुलींसाठी चालवलेल्या प्रयोगघरांसमोर तुळेने शून्य मांडलं, तेव्हा तिची मोठी पंचाईत झाली.

तुळा ही पुण्याच्या धोरण-परिणाम केंद्रातली गणनयंत्रणा; वृंदा तिथेच निकाल तपासण्याचं काम करी. राज्यातली काही लाख घरं आपल्या संमतीने तिच्याशी जोडलेली होती. दर तिमाहीला एक ताई घरी येऊन चार प्रश्न विचारून जाई. बाकीचं दवाखाना, शाळा, रेशन आणि विजेच्या मीटरवरून आपोआप येई. त्याच घरांकडे वर्षानुवर्षं, न कंटाळता पाहत राहणं हे तुळेचं काम. २०३६ साली कायदा झाला: तालुक्याच्या निधीतून चालणाऱ्या योजनेचा परिणाम तुळेला लागोपाठ तीन पाहण्यांत दिसला नाही, तर ती योजना बंद. कोणाचा वशिला नाही, कोणाचा राग नाही.

पूर्वी एखादी योजना उपयोगाची आहे का हे ठरवताना लोक दोन घरं शेजारीशेजारी ठेवून बघत. एका घरातली मुलगी प्रयोगघरात जाते, दुसऱ्यातली जात नाही. पण मुलीला संध्याकाळी पाठवणारं घर मुळातच वेगळं असतं. तिथल्या आजोबांचा स्वभाव, आईची जिद्द, विहिरीचं पाणी यातलं बरंचसं कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुळा एका घराची तुलना दुसऱ्याशी करत नसे. ती त्या घराची तुलना त्याच घराशी करी, योजनेच्या आधीची आणि नंतरची. आजोबा दोन्ही वेळी तेच असतात, म्हणून वजाबाकीत ते गळून पडतात. दुष्काळ, महागाई, तापाची साथ ही सगळ्यांवरच येते. म्हणून जिथे प्रयोगघर अजून उघडलेलं नाही, अशा गावांत त्याच काळात झालेला बदलही वजा करायचा. दोन वजाबाक्यांनंतर जे हाती उरतं, ते योजनेचं.

वृंदाला या दोन वजाबाक्यांचं कॉलेजपासून अप्रूप होतं. ज्याचं नाव ठाऊक नाही आणि जे मोजता येत नाही, तेसुद्धा बाजूला सारता येतं! मराठीत एम.ए. केलेल्या मैत्रिणीला तिने एकदा हे समजावून सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "तू लग्नाविषयीसुद्धा इतक्या प्रेमानं बोलत नाहीस."

प्रयोगघरं कौसल्याबाई वीरकरांची. म्हसवडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि माण तालुक्यात गावोगाव एकेक खोली मिळवून त्यांनी हे सुरू केलं. तेरा ते सतरा वर्षांच्या मुली संध्याकाळी येत. आपल्याच हंड्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरत आणि किंचाळत. हात नुसते ओले करणं आणि धुणं यातला फरक बशीत बुरशी वाढवून बघत. गावातल्या बाळांची वजनं घेऊन वाढीचा आलेख भिंतीवर काढत. जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं द्यायचं, ताप कधी घरी थांबवायचा आणि कधी गाडी काढायची, हे पाठ न करता का ते समजून घेत. आता तिसऱ्या पाहणीत तुळेने सांगितलं होतं: या मुलींच्या घरांत आजारपण तेवढंच, लहान मुलांची वजनं तेवढीच. परिणाम शून्य.

वृंदाने त्याच दुपारी, नियमाप्रमाणे, योजनेची चालिका आपली नणंद असल्याचं केंद्राला कळवलं. त्या योजनेची आधारसामग्री तिच्यासाठी बंद झाली. संध्याकाळी फोन आलाच.

"वृंदा, शून्य म्हणजे काय गं? थोडं कमी-जास्त असेल ना?"

"वन्सं, मला आता त्यात बघता येत नाही. मी नात्यातली ना."

"नात्यातली म्हणूनच विचारतेय. बाहेरच्याला विचारलं असतं तर त्यानं चहा तरी पाजला असता."

पुढच्या आठवड्यात कौसल्याबाईंच्या नातवाचं बारसं होतं. त्यांची लेक तेजल पहिल्या बाळंतपणासाठी आटपाडीहून माहेरी आलेली. वृंदा आणि तिचा नवरा सदाशिव कुंची-झबलं घेऊन म्हसवडला गेले. बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवलं ओजस. कौसल्याबाईंनी भावजयीला ओटीचा नारळ दिला, पण बोलणं तेवढ्यापुरतंच. जेवताना शेजारणीला मात्र ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या वहिनींच्या हाफिसात लई मोठा तराजू हाय. त्यात मी बसले तर काटाच हलंना."

शेजारीण हसली. वृंदाने खाली मान घालून पुरण संपवलं.

पाहुणे पांगत होते, तेवढ्यात तुळेची ताई दारात आली. तिमाही पाहणीचा दिवस होता. कौसल्याबाईंचं घरही तुळेशी जोडलेलं. निकाल काही लागो, त्यांनी संमती काढून घेतली नव्हती. त्यांनी ताईला पाट दिला आणि घुगऱ्यांची वाटी पुढे केली.

"काकू, एका चुलीवर जेवणारी माणसं किती?"

"मी, हे, ही लेक, आणि हे दीड वितीचं. ते दूधच पितंय, पण माणूस आहे."

"ताईंचं लग्न झालंय ना? मग त्या पाहुण्या. पाहुणी धरत नाही."

"अगं, सातव्या महिन्यापासून इथंच आहे. माझ्या मेथीच्या लाडवांचा फडशा पाडलाय तिनं."

"तरी पण. चूल बदलली ना त्यांची."

तेजल बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, "आणि सासरी विचारायला जाल तर सासूबाई सांगणार, सून माहेरी गेलीय. म्हणजे मी जेवते तरी कुठं?"

सगळे हसले. वृंदा हसली नाही. हातातला पाण्याचा तांब्या तसाच धरून ती उभी राहिली, ते सदाशिवने हाक मारेपर्यंत.

पुण्याला परतताना गाडीत ती मनाशी उलगडत राहिली. तुळेचा पहिला नियम होता: एक चूल, एक घर. चूल ठेवायची, माणसं येतील-जातील. घरातून माणूस कमी झालं तर कारण नोंदायचं: मृत्यू, स्थलांतर, लग्न. मुलगी तेरा-चौदाव्या वर्षी प्रयोगघरात यायची. तेव्हा तिच्या हातात फार तर हंडा भरणं होतं. पाणी उकळायचं की नाही, पोराला दवाखान्यात कधी न्यायचं, हे आई ठरवायची, नाहीतर आजी. मग एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी मुलीचं लग्न व्हायचं आणि तुळेच्या लेखी ती संपायची. सासरच्या चुलीत एक सून वाढायची, पण ती हीच, हे तुळेला कळायला मार्ग नव्हता. ओळख लपवण्यासाठी प्रत्येकाची खूण तयार व्हायची ती स्वतःचं नाव, मधलं नाव आणि आडनाव मिळून. आपल्याकडे लग्नात मधलं नाव आणि आडनाव दोन्ही जातात, कधीकधी तर पहिलंही. जे शिकली ते वापरायची वेळ यायची, तेव्हाच ती तुळेच्या नजरेआड झालेली असायची.

पाहणीतून माणसं गळतातच, ते शास्त्राला नवं नव्हतं. मात्र जे मोजायचं तेच घेऊन माणसं गळत असतील, तर वजाबाकी कितीही काटेकोर करा, मागे रिकामं भांडंच उरणार. हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात होतं. तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. नियम करणाऱ्यांत निम्म्या बायका होत्या आणि त्यातल्या बहुतेक माहेर सोडून आलेल्या. 'लग्न' या रकान्यात त्यांना काही हरवल्याचं दिसलंच नाही. लेक सासरी जाणार, हे सूर्य मावळण्याइतकं सरळ होतं.

आणि माहेर-सासर जोडणारा धागा? तोही तिथेच होता, तेजलच्या खांद्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळाला जन्मक्रमांक मिळतो म्हसवडच्या दवाखान्यात, पुढच्या लसी टोचल्या जातात आटपाडीत. आईची नावं बदलतात, बाळाचा क्रमांक बदलत नाही.

डॉ. यास्मिन मुजावर केंद्राच्या प्रमुख. मूळच्या मिरजेच्या, साठी ओलांडलेल्या. चूल-घराचा नियम त्यांच्याच हातचा. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी तो मांडला, तेव्हा तुळा एका खोलीत मावत होती.

"या योजनेच्या बाबतीत तुला माझ्या खोलीत यायला बंदी आहे, वृंदा."

"आत येत नाही, मॅडम. दारातूनच बोलते. फक्त एक प्रश्न आहे. आकडा एकही मागत नाही."

ती खरोखरच उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसत बसल्या.

"माझ्या तीन बहिणी आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिघींनाही मी स्वतःच्या हातांनी वगळलं की गं."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बरं, आता असं कर. काय दिसलं तर तुझा प्रश्न फोल ठरला असं समजायचं, ते आधी लिहून दे. किती घरं, किती वर्षं, कोणतं मोजमाप. आकडे पाहिल्यावर निकष सोयीचा करता येतो. म्हणून आधी. त्यानंतर मी त्यात एक अक्षर बदलणार नाही आणि तूही नाही."

वृंदाने कागद घेतला आणि बाकावर बसली. मोजमापापर्यंत पेन सरसर चाललं, तिथे थांबलं. आतापर्यंत वन्संना एक आसरा होता: तुळेने नीट पाहिलं नाही असं म्हणता येत होतं. सासरच्या चुलींतही शून्य निघालं, तर तोही जाणार होता, आणि तो काढून घेणारा हात तिचाच असणार होता. तिने निकष सैल ठेवला असता तरी कोणी बोललं नसतं. तिने तो इतर योजनांना लावत असत तेवढाच कडक लिहिला, खाली सही केली आणि कागद उंबऱ्यावरून आत दिला.

"अजून एक," डॉक्टर म्हणाल्या. "हे नुसत्या प्रयोगघरांसाठी होणार नाही. मुलींसाठीच्या राज्यातल्या सगळ्या योजना पुन्हा तोलायच्या. तोवर बंदचा कुठलाही आदेश निघणार नाही. मी काढलेले जुने निकालसुद्धा. तुझ्या नणंदेसाठी दार किलकिलं केलं, असं होता कामा नये."

"मॅडम, त्यात तुमचे बरेच निकाल बदलतील."

"बदलू देत. तुळा मी कशाला बांधली, माझे निकाल जपायला?"

काम सोपं नव्हतं. बाळाच्या क्रमांकावरून आईपर्यंत जायचं तर त्या प्रत्येक आईची नव्याने संमती हवी. तुळेच्या ताया सासरच्या दारी गेल्या. काही सासवांनी विचारलं, "आमच्या सुनेचं काय तपासताय?" काहींनी दार लावून घेतलं. पण बहुतेक मुलींनी प्रयोगघराचं नाव ऐकलं आणि उंबऱ्यातच अंगठा टेकवला. एकीने ताईला आत नेऊन मोरीजवळचा साबण दाखवला. तो नोंदायला ताईकडे रकाना नव्हता.

घरात मात्र अबोला साचत गेला.

"ताईच्या कामाचं काही हलतंय का?" सदाशिवने विचारलं.

"मला सांगता येत नाही."

"म्हणजे हलतंय."

"म्हणजे सांगता येत नाही."

"एक गोष्ट सांग. तू त्या यंत्राची आहेस की आमची?"

ती कणीक मळत राहिली. दिलासा द्यायचा तर आशा लावावी लागली असती, आणि ती खरी होती की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. इकडे कौसल्याबाईंनी फोन करणं बंद केलं. तेजलकडून कळलं, की आईने सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळून खोक्यात भरायला घेतलेत, आणि दर संध्याकाळी मुली येऊन ते पुन्हा बाहेर काढतात.

निकाल मोहोरबंद होऊन तालुक्याला गेला, त्या सकाळी डॉक्टरांनी तिला हाक मारली. "आता आत ये."

पडद्यावर दोन रेषा होत्या. बरोबर जाणाऱ्या, मग हळूहळू फाटणाऱ्या.

"ही कोणाची मुलं?" वृंदाने विचारलं.

"जावेची."

वृंदाने वळून पाहिलं.

"प्रयोगघरातल्या मुलींच्या स्वतःच्या बाळांना 'आधी' नाहीच ना. ती जन्मलीच त्यांच्या पोटी. मग त्याच घराची त्याच घराशी तुलना कशी करायची? तू लिहून दिलं होतंस, त्या चुलीत आधीपासून असलेली लहान मुलं. म्हणजे जावेची. सून यायच्या आधी ती किती वेळा आजारी पडत, नंतर किती वेळा. आणि त्याच गावांत, जिथे अजून प्रयोगघर नाही अशा गावांहून सुना आल्या, तिथली जावेची मुलं. दोन वजाबाक्या, नेहमीच्याच." डॉक्टरांनी खालच्या रेषेवर बोट ठेवलं. "जुलाबाने दवाखान्यात जाणं जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी. तू लिहिलेल्या निकषाच्या कितीतरी पलीकडे. आणि बघ, पहिल्या वर्षी काहीच नाही. दुसऱ्या वर्षापासून सुरू होतं."

"पहिल्या वर्षी नव्या सुनेचं कोण ऐकतंय?"

"हेच मला माझ्या बहिणींनी कधीच सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "मी विचारलं नाही."

वृंदा त्या दोन रेषांकडे बघत राहिली. दीर-जावेच्या घरात नवी आलेली मुलगी. वर्षभर ती गप्प राहते. मग एक दिवस जावेच्या पोराला जुलाब होतात आणि ती म्हणते, थांबा, मी पाणी करून देते. अशा कितीतरी चुली, एकमेकींना न ओळखणाऱ्या, आणि तरी एकाच बाजूला झुकलेल्या. हे कोणाला उघड्या डोळ्यांनी दिसलं नसतं. ते दिसायला एवढी घरं, एवढी वर्षं आणि स्वतःचा नियम मोडायला तयार असलेली एक बाई लागली.

तालुक्याची सभा दहिवडीला भरली. डॉक्टर स्वतः आल्या, वृंदा मागच्या रांगेत बसली. डॉक्टरांनी निकाल वाचला आणि काही न लपवता सांगितलं: माणपुरतं पाहिलं तर शून्य हे खरंच आहे. मुली बहुतेक तालुक्याबाहेर दिलेल्या, म्हणून गुण दिसतो तो आटपाडी, खटाव, फलटण, सांगोला अशा ठिकाणी. कायद्यात बाहेरचा परिणाम कसा धरायचा ते लिहिलेलं नाही. सभेनेच ठरवावं.

सदस्य ज्ञानू खाडे उठले. "मॅडम, म्हणजे निधी आमचा, आणि पोरं सुधारली आटपाडीची. आम्ही काय त्यांचं कंत्राट घेतलंय का?"

हशा झाला. कौसल्याबाई ताठ बसून होत्या, हात मांडीवर. पलीकडून विमल दडस, बिजवडीच्या सदस्या, बसल्या जागेवरून बोलल्या.

"ज्ञानूतात्या, तुमची लेक कुठं दिलीय?"

"खटावला. तुम्हाला ठाऊक आहे की."

"तिची पोरं तुमची कोण?"

"नातवंडं. दुसरं कोण?"

"मग खटावला गेलेलं बाहेर कसं गेलं? आणि तुमची सून आटपाडीची ना? तिकडं असली खोली असती तर तुमच्या घरातली पोरं दर श्रावणात सलाईनवर असती का?"

खाडे उभेच राहिले. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "आटपाडीवाल्यांना कोणी सांगितलं का हो, त्यांनी पण काढावं म्हणून?"

"सांगितलंय. त्यांनी विचारलंय, शिकवायला माणची बाई मिळेल का."

पुन्हा हशा झाला, पण वेगळा. हात वर झाले. सगळे नाहीत, पुरेसे. प्रयोगघरं चालू राहणार होती, आणि शेजारच्या तालुक्यांनी आपापली काढावीत म्हणून सभा त्यांना लिहिणार होती.

पांगापांग झाल्यावर कौसल्याबाई मागच्या रांगेपाशी आल्या. शेवटच्या पानावर डॉक्टरांनी नोंद केली होती: हा प्रश्न चालिकेच्या भावजयीने विचारला, तिला आकडे पाहू दिले नाहीत, निकष तिनेच आधी लिहिला. कौसल्याबाईंनी ते वाचलं होतं.

"शून्य आलं असतं तर?"

"तर मीच बंद केलं असतं, वन्सं."

"आणि मला सांगितलंही नसतंस."

"नाही."

कौसल्याबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "हायस्कुलात तुझ्यासारखी एक जरी असती, तर कॉपी बंद झाली असती," म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. "दाखव काय ते."

वृंदाने नकाशा उघडला. माणपासून चहूकडे विखुरलेले ठिपके, प्रत्येक ठिपका एकेक सून, जागा मात्र तालुक्यापुरतीच. त्याहून जवळ जाता येत नव्हतं.

"नावं सांगता यायची नाहीत, वन्सं."

"तू नकोच सांगू." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "ही जतची. ही शोभा असणार, बेडकाच्या पोटात काय असतं ते बघताना रडलेली. सांगोल्याच्या ह्या तिघी म्हणजे पाटलांच्या, एकाच मांडवात गेल्या. पुण्यात एवढ्या? जाऊ दे, तिथल्या मला ओळखता येत नाहीत." बोट सरकत दक्षिणेला गेलं आणि थांबलं. "चंदगड? एवढ्या लांब आपली कोण दिली?"

तेजल ओजसला घेऊन दारापर्यंत आली होती. कौसल्याबाईंनी तिथूनच विचारलं, "तेजू, चंदगडला कोण गं आपली?"

"मालन नाही का, ढाकणीची. पाच भावांच्या घरात पडलीय. चार जावा आहेत तिला."

"चार?" कौसल्याबाईंनी त्या एकट्या ठिपक्यावरून बोट काढलं नाही. "मग तिकडची पोरं सुटली."